डनब्रेच्या दफनभूमीचा पंचनामा

मी नायगारा पाहिला नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण कराडला परत आल्यापासून भेटेल तो पहिला प्रश्न हाच विचारतो आणि मी नाही म्हटलं की हळहळतो. हळहळू नका. तीन आठवडे कॅनडात होते, त्यातले बरेचसे वेल्डन काउंटीतल्या डनब्रे नावाच्या खेड्यात काढले, आणि तिथं जे बघितलं ते कुठल्या सहलवाल्याच्या पत्रकात सापडायचं नाही. काउंटी म्हणजे आपला तालुका समजा, जरा ऐसपैस. तालुक्याचा कारभार मला नवा नाही. तहसील कचेरीत कारकून म्हणून लागले, अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले.

गेले होते थोरल्या भावाच्या अस्थी आणायला. आमचा दादा, श्रीधर, गुरांचा डॉक्टर. सत्तरच्या दशकात कॅनडाला गेला. बरोबरचे सगळे टोरंटोत राहिले, हा पठ्ठ्या गाईंच्या मागं खेड्यात गेला आणि जन्मभर तिथंच राहिला. वहिनी आधीच गेल्या, त्यांच्या अस्थी त्यानं स्वतः नाशिकला नेल्या होत्या. तो गेला फेब्रुवारीत. तिकडं तेव्हा जमीन अशी गोठलेली असते की कुदळ चालत नाही, म्हणून हिवाळ्यात गेलेल्यांना मातीत जायला मे महिन्याची वाट बघावी लागते. दादाही थांबला होता, मुलीच्या घरी, पितळी डब्यात.

मृत्युपत्रात त्यानं लिहून ठेवलं होतं की निम्म्या अस्थी कृष्णेत सोडा आणि निम्म्या डनब्रेच्या दफनभूमीत पुरा. वर मी करून ठेवलेला दगड ठेवा. दगडावर इंग्रजीत नाव आहेच, त्याखाली मराठीत लिहा: "श्रीधर बाळकृष्ण देवकर, गुरांचा डॉक्टर, मु. पो. डनब्रे."

हे वाचून आमच्या अप्पाचं, म्हणजे मधल्या भावाचं, डोकं फिरलं. "मु. पो. डनब्रे? आणि कराड कुठं गेलं? माले, तू जा आणि सगळ्या अस्थी घेऊन ये. दगडबिगड काही नको. आपल्यात दगड नसतात."

मी म्हटलं, आणते. खरं सांगते, माझाही दादावर राग होता. आई गेली तेव्हा तो आला नाही. तार गेली, फोन झाला, पण हा आला नाही. दहाव्याला काकस्पर्शासाठी ताटकळत बसलेले आम्ही, आणि याचं एक पत्र, तेही महिन्यानं. ते मी कधी विसरले नव्हते. आता तरी त्याला ओढून गावी आणायचं, एवढंच माझ्या मनात होतं.

एटोबिको, नॉर्थ यॉर्क आणि पुढं

विमानतळावरून पहिला मुक्काम टोरंटोच्या एटोबिको भागात, दादाच्या एका जुन्या इंजिनिअर मित्राकडं. त्यांच्या बायकोनं खमंग साबुदाण्याची खिचडी केली होती. डनब्रेचं नाव काढताच ती म्हणाली, "अगं, तिथं बघण्यासारखं काय आहे? शेतं, चर्च आणि शेणाचा वास. श्रीधरभावजींना आम्ही दरवर्षी म्हणायचो, इकडं या, मंडळाचा गणपती आहे, आपली माणसं आहेत. ऐकतात कुठले!"

दुसऱ्या दिवशी नॉर्थ यॉर्कहून अनघा न्यायला आली. ही दादाची मुलगी, कॉम्प्युटरमधली, विसाव्या मजल्यावर राहते. मराठी बोलते, पण अर्ध्या वाटेवर इंग्रजीत वळते. "आत्या, सीटबेल्ट. अँड प्लीज, तिथं कुणाशी आर्ग्यू करू नकोस हं. स्मॉल प्लेस आहे, सगळे सगळ्यांना ओळखतात."

"मी कशाला भांडेन?" मी म्हटलं. डबा माझ्या मांडीवर होता.

तिकडच्याच केंब्रिज गावाचा मोटारींचा कारखाना मागं पडला आणि मग नुसतं हिरवं सुरू झालं. मैलच्या मैल सरळ रस्ते, पट्टीनं आखल्यासारखी शेतं, आणि प्रत्येक बांधावर गोल धोंड्यांची रास. हिवाळ्यात जमीन फुगते आणि दर वसंतात नवे धोंडे वर येतात, ते वेचून बांधावर टाकायचे, हे तिथल्या शेतकऱ्याचं पिढ्यान् पिढ्यांचं काम. मध्येच एक काळी घोडागाडी दिसली, आत पांढरी टोपी घातलेली बाई. मेनोनाइट म्हणतात त्यांना, मोटार वापरत नाहीत. आपल्याकडं बैलगाडीवाल्याला मागून हॉर्न मारमारून खड्ड्यात घालतात. इथं आमच्यापुढं चार मोटारी मुकाट घोड्याच्या चालीनं चालल्या होत्या. एकानंही हॉर्न दिला नाही.

डनब्रेच्या वेशीवर पाटी: गावाचं नाव आणि खाली लोकसंख्या, तीन आकडी. एक रस्ता, एक पेट्रोलपंप, दोन चर्च आणि त्यातलं एक विकायला काढलेलं, बंद शाळा, दफनभूमी. दादाचं घर अजून होतं तसंच होतं. दाराशी त्याचे गुडघ्याएवढे रबरी बूट. अनघा ते बघून मोटारीतच बसून राहिली. मी आत गेले, चूल कुठं आहे बघितलं आणि चहा टाकला.

परसातलं अळू

दुसऱ्या दिवशी सकाळी परसात मला अळू दिसलं. मोठ्ठाली पानं, लालसर देठ. म्हटलं, वा रे दादा, कॅनडात अळू लावलंस! चांगली दहा-बारा पानं खुडली, चणाडाळ भिजत घातली, चिंच बरोबर नेलेली होतीच. फतफतं करायचं म्हणून पानं बारीक चिरत बसले, तेवढ्यात मागच्या दारातून एक लालबुंद म्हातारा ओरडतच आत आला आणि त्यानं सुरीसकट माझा हात धरला.

अनघा धावत आली. म्हातारा हातवारे करत होता. ती हसायला लागली, मग हसता हसता रडायला लागली. "आत्या, हे अळू नाहीये. रूबार्ब आहे. देठ खातात, पानं पॉयझनस असतात. तू आपल्या दोघींना मारलं असतंस!"

हा गॉर्डन. शेजारच्या गोठ्याचा मालक, पंचाहत्तरीचा, दादाचा जिवलग. दादाला सगळं गाव डॉक म्हणे. म्हणाला, "डॉकनंसुद्धा पहिल्या वर्षी हेच केलं होतं. माझ्या आईनं वाचवलं." मग त्यानं त्याच देठांचा साखर घालून पाक केला आणि आम्हाला पावाबरोबर खायला घातला. आंबटगोड, कैरीच्या मेथांब्याच्या जवळ जाणारा. मी दोनदा मागून घेतला.

मृत्युपत्राप्रमाणे अनघानं परवानगी मागितली होती, तिला त्याच सकाळी फोनवर दफनभूमी समितीचं उत्तर आलं. अध्यक्षा डोरीनबाईंनी लिहिलं होतं: शनिवारी अस्थी पुरायला समितीची हरकत नाही. मात्र दगडावर मराठी मजकूर घालता येणार नाही. नियमाप्रमाणे लेख फक्त इंग्रजीतच हवा, म्हणजे येणाऱ्या कुणालाही वाचता येईल.

अनघा म्हणाली, "इट्स ओके. तुला आणि अप्पाकाकांना दगड नकोच होता. लेट्स जस्ट लीव्ह इट."

खरंच नको होता. पण मला काय झालं कोण जाणे, डोक्यात तिडीकच गेली. आम्ही नको म्हणणं निराळं आणि तुम्ही नाही म्हणणं निराळं! ज्या माणसानं यांच्या तीन पिढ्यांच्या गाई सोडवल्या, त्याचं नाव त्याच्या अक्षरात लिहायचं तर यांना वाचता येत नाही? मग शिका म्हणावं! चाळीस-पन्नास वर्षं होता की तुमच्यात.

"नियम कुठं लिहिलाय?" मी विचारलं.

"आत्या…"

"तू फक्त विचार, मूळ ठराव कुठं आहे आणि समितीची बैठक कधी आहे."

बैठक गुरुवारी संध्याकाळी होती. चार दिवस हातात होते.

कुंपणाच्या आत

गॉर्डन मला दफनभूमीत घेऊन गेला. म्हणाला, "या गावात आता वाढती लोकसंख्या म्हणशील तर ती कुंपणाच्या आत." शाळा मुलं नाहीत म्हणून बंद, तरुण माणसं शहरात, गोठे एकात एक मिसळून मोठे झालेले. त्याची स्वतःची दोन्ही मुलं पश्चिमेला तेलाच्या कामावर.

तो एकेका दगडापाशी थांबे. पूर्वेकडचे सगळ्यात जुने, शेवाळलेले, त्यांच्यावरची भाषा मला इंग्रजी वाटेना. "नाहीच ती इंग्रजी," तो म्हणाला. "गेलिक. आमच्या लोकांची. स्कॉटलंडात जमीनदारानं मेंढ्या पाळायच्या म्हणून घरं रिकामी करून घेतली, तेव्हा आले." त्यापलीकडं जर्मन, टोकदार काळ्या अक्षरांत. त्यापलीकडं डच, ते पहिल्या महायुद्धाच्या बरेच आधी आले. सगळ्यांना वाटतं आपणच हे गाव वसवलं.

मी विचारलं, "गेलिक तुला वाचता येतं?"

"अक्षरसुद्धा नाही. माझ्या आईला तिच्या आजीमुळं थोडं यायचं."

"आणि जर्मन कुणाला येतं?"

तो डोकं खाजवायला लागला. मी मनात म्हटलं, सापडला! कचेरीत जन्म घालवलेल्या माणसाला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. साहेब नाही म्हणाला की त्याच्याशी वाद घालायचा नाही, मागचा दाखला काढून टेबलावर ठेवायचा.

पुढं कोपऱ्यात नुसतं गवत होतं. तिथं गॉर्डन टोपी काढून उभा राहिला. अमेरिकेतल्या गुलामगिरीतून सुटून आलेली काळी माणसं या भागात सगळ्यांच्या आधी येऊन शेती करत होती म्हणे. जंगल तोडलं, जमीन लागवडीला आणली. मोजणी आली तेव्हा जमिनी विकायला काढल्या आणि ज्यांनी कसल्या त्यांच्या नावावर झाल्याच नाहीत. म्हणजे सात-बारा दुसऱ्याचा. ती माणसं पांगली, आणि मागं राहिलेले त्यांचे दगड कुणीतरी नांगराखाली घातले. "कुणाच्या आजोबांनी ते सगळ्यांना माहीत आहे," गॉर्डन म्हणाला, "बोलत कुणी नाही."

परत फिरताना तो एकदम म्हणाला, "तुमची आई गेली तेव्हा डॉक माझ्या गोठ्यात होता."

माझे पाय थांबले.

"गाय अडली होती. माझी आई फोन आल्याचं सांगायला पळत आली. डॉकचा हात खांद्यापर्यंत आत होता. त्यानं वासरू ओढून काढलं, जिवंत, मग हात धुतले आणि गवताच्या गठ्ठ्यावर बसून बोलायला लागला. तुमच्या भाषेत. मोठ्यानं. तासभर. मी घाबरलो, त्याला थांबवायला निघालो, तर आई म्हणाली, बोलू दे त्याला, माझी आजीसुद्धा रडायची ती गेलिकमध्येच. तेव्हा त्याचे कागद सरकारकडं अडकलेले होते. गेला असता तर परत येता आलं नसतं. बायको, तान्ही मुलगी इथं. हे त्यानं तुम्हाला लिहिलं नव्हतं?"

नव्हतं लिहिलं. मूर्ख मेला. एवढं एक वाक्य लिहायला काय झालं होतं? मी तिथंच एका जर्मन माणसाच्या दगडावर बसले आणि पदर तोंडात धरून रडले. गॉर्डन लांब जाऊन कुंपणाची तार तपासत उभा राहिला.

संध्याकाळी मी अप्पाला फोन केला. "निम्म्याच अस्थी आणतेय," म्हटलं. "दगडही बसणार आणि मराठीही बसणार." तो काहीबाही बोलत राहिला. शेवटी म्हणाला, "तुला काय सांगून पाठवलं आणि तू काय करतेस!" आणि फोन ठेवला. मी आईचं सांगायला तोंड उघडलं होतं, ते तसंच राहिलं.

चतुःसीमा

मी पंचनामा करायचं ठरवलं. अनघाला म्हटलं, कोरे कागद आण. ती म्हणाली, "व्हॉट इज अ पंचनामा?" हिला आता काय सांगायचं! गावात काही झालं, आग लागो, पूर येवो, बांध फुटो, सरकारी माणूस जागेवर जातो, चार शहाणी माणसं गोळा करतो, जे डोळ्यांना दिसतं तेवढंच लिहितो, वाचून दाखवतो आणि सह्या घेतो. मग कुणाच्या बापाची ते नाकारायची टाप नसते.

दोन पंच पुरतात, मी चार गाठले. पहिला गॉर्डन. दुसरा पीट, दगड कोरणारा, डच बापाचा मुलगा. दादाचा दगड त्याच्याच अंगणात पडून होता, इंग्रजी नाव कोरलेलं, खाली जागा मोकळी. तिसरा पेट्रोलपंपवाला गुरमीत. तो लुधियानाचा, आम्ही हिंदीत बोललो. "आंटीजी, मैं तो यहाँ नया हूँ, बस आठ साल." मी म्हटलं, "नये आदमी की ही ज़रूरत है। कल तेरे पत्थर का भी सवाल आएगा।" तो गल्ला बायकोकडं सोपवून आला.

चौथी लोरेन, गावच्या वाचनालयात काम करणारी. ती तळ्याकाठच्या राखीव वस्तीतली, अनिशिनाबे, म्हणजे या जमिनीवर मोजणी आणि नांगर यायच्या कितीतरी आधीपासूनच्या लोकांपैकी. तिनं माझं सगळं ऐकून घेतलं आणि हाताची घडी घातली. "आमच्या लोकांनी एकदा जमिनीच्या कागदावर खुणा केल्या होत्या. त्यानंतर ही काउंटी झाली. मी कशाला सही करू?"

मी म्हटलं, "नको करूस. पण काय लिहायला हवं ते सांग."

तिनं हाताची घडी सोडली. "ओढ्याच्या बाजूला आमची माणसं आहेत. दगड नाहीत. माझी आजी दाखवायची."

बुधवारी सकाळी आम्ही सगळे जागेवर जमलो. लोरेनही आली. बारीक काळ्या माश्या अशा चावत होत्या की मी डोक्यावरून पदर घेऊन लिहीत होते. मी उभ्यानं लिहिलं, जसं शिकले होते तसं:

"आम्ही खाली सह्या करणार पंच आज रोजी मौजे डनब्रे येथील दफनभूमीत समक्ष हजर राहून लिहून देतो की, सदर जागेच्या पूर्वेस रस्ता, पश्चिमेस गॉर्डन यांचे मक्याचे शेत, उत्तरेस ओढा व दक्षिणेस बंद शाळा आहे. पूर्व बाजूस गेलिक भाषेतील दगड आहेत, ते हजर पंचांपैकी कोणासही वाचता येत नाहीत. मध्यभागी जर्मन भाषेतील दगड आहेत, तेही वाचता येत नाहीत. त्यालगत डच आहेत, ते पंच पीट यांनी अडखळत वाचले. नैऋत्य कोपऱ्यात दगड नाहीत. होते, ते नांगरले गेले, असे पंच गॉर्डन यांनी सांगितले. उत्तरेस ओढ्यालगत दगड नाहीत, परंतु माणसे आहेत, असे लोरेन यांनी सांगितले. न वाचता येणारा एकही दगड आजवर कोणी काढून टाकलेला नाही किंवा त्याबद्दल तक्रार केलेली नाही. येणेप्रमाणे पंचनामा वाचून दाखविला, तो बरोबर आहे."

अनघानं एकेक वाक्य इंग्रजीत सांगितलं. ओढ्याच्या वाक्याशी लोरेननं तिला थांबवलं. "ते पुन्हा वाच." अनघानं पुन्हा वाचलं. लोरेननं माझ्या हातून पेन घेतलं आणि सगळ्यात आधी सही केली.

गुरुवार

बैठक गावच्या सभागृहात, संध्याकाळी सात वाजता. बाहेर लख्ख ऊन. पाच सभासद, एका ताटलीत बटर टार्ट म्हणून गोड पाकाच्या छोट्या वाट्या. डोरीनबाई उंच, सरळ पाठीच्या, ओठ मिटलेल्या. शेजारी सचिव हिल्डा, गोल चेहऱ्याची, पुढ्यात जुन्या वह्यांचा गठ्ठा. मूळ ठराव मी मागितला होताच.

अनघा कानात म्हणाली, "आत्या, समरी दे, फुल वाचू नकोस."

मी पूर्ण वाचला. आधी मराठीत, पहिल्या शब्दापासून शेवटच्या सहीपर्यंत. कळत कुणालाच नव्हतं. ऐकून घेतलं मात्र सगळ्यांनी. मग अनघानं इंग्रजीत वाचला, आणि तिचा आवाज गेलिक दगडांपासून तापत गेला. शेवटी तर ती टेबलावर बोट आपटत होती. देवकरांचं रक्त.

डोरीनबाई म्हणाल्या, "ते सगळे दगड नियमाच्या आधीचे आहेत. नियम झाल्यापासून तो सर्वांना सारखा लावलाय. मी तो उद्या एकासाठी वाकवला तर परवा दुसऱ्यासाठी वाकवावा लागेल. डॉक असता तर त्याला हे पटलं असतं."

"नियम केला कधी आणि कशासाठी?" मी विचारलं. माझ्याच इंग्रजीत, मोडक्यातोडक्या का होईना.

हिल्डानं वही उघडली, पान काढलं आणि वाचायला सुरुवात केली. पहिल्या महायुद्धातला ठराव. शत्रूची भाषा या गावच्या मातीत यापुढं लिहिली जाऊ नये, म्हणून लेख फक्त इंग्रजीत असावेत. सूचक अमुक, अनुमोदक तमुक. अनुमोदकाच्या नावापाशी हिल्डा थांबली. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"हे माझे पणजोबा," ती म्हणाली. "जर्मन आडनाव बदलण्याआधीचे."

ती हळू म्हणाली, "माझी पणजी जर्मनशिवाय काही बोलायची नाही म्हणे. तिच्या दगडावर इंग्रजी आहे. लहानपणी मला वाटायचं, तिला इंग्रजी येत असणार." तिनं वही मिटली. "मी सचिव म्हणून बोलत नाही. सभासद म्हणून हा नियम रद्द करायचा ठराव मांडते."

मतदान झालं. चार हात वर. डोरीनबाईंचा खाली.

मी उठले आणि सगळ्यांना हात जोडले. डोरीनबाईंनाही जोडले. त्यांनी मान हलवली आणि टार्टची ताटली माझ्याकडं सरकवली.

शुक्रवार, शनिवार

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पीटच्या शेडमध्ये गेलो तर त्यानं अक्षरांचा रबरी साचा दगडावर चिकटवून तयार ठेवलेला. मी बघितलं आणि किंचाळले. सगळं उलटं! त्याला वाटलं, आपली शिरोरेघ अक्षरांच्या खाली असते, अधोरेखित करतात तशी. "सगळ्या शब्दांवर कोण रेघ मारतं?" तो म्हणाला. "आम्ही मारतो!" मी म्हटलं. "आमची अक्षरं वरून टांगलेली असतात." त्यानं साचा सोलून पुन्हा सुलटा लावला, वाळूचा फवारा सुरू केला, आणि दुपारपर्यंत दादा दगडावर मराठीत आला. मु. पो. डनब्रे. मी अक्षरांवरून बोट फिरवलं. कडा अजून खरखरीत होत्या.

शनिवारी मला वाटलं होतं दहा माणसं येतील. शेताशेतांतून मोटारी यायला लागल्या त्या थांबेनात. दोन काळ्या घोडागाड्याही होत्या. मंत्र मला जेवढे येत होते तेवढे म्हटले, निम्म्या अस्थींचा वेगळा डबा अनघानं स्वतः खड्ड्यात ठेवला आणि गॉर्डननं माती लोटली.

डोरीनबाई रूबार्बचा 'पाय' नावाचा गोड पदार्थ घेऊन आल्या. माझ्यासमोर उभ्या राहून म्हणाल्या, "मी विरोधात मत दिलं आणि माझं मत अजून तेच आहे. पण तुमच्या भावानं माझी घोडी दोनदा वाचवली. त्यामुळं मी आले." अशी एक बाई आमच्या कचेरीत असती तर निम्म्या फायली वेळेत निघाल्या असत्या. मी त्यांना दगड वाचून दाखवला. त्यांनी "मु. पो." म्हणजे काय विचारलं. म्हटलं, माणूस जिथं राहतो आणि जिथं त्याची पत्रं येतात, ते गाव.

कराड

अप्पा घ्यायला आला नाही. घरी गेले तर त्यानं नुसतं डब्याकडं बघितलं आणि तो आत गेला. मी पंचनाम्याची प्रत त्याच्या खुर्चीवर ठेवली आणि वर आईच्या वेळचं सगळं, गॉर्डननं सांगितलं तसं, एका कागदावर लिहून ठेवलं. बोलून दाखवलं असतं तर भांडण झालं असतं. दोन दिवस त्यानं त्यावर अवाक्षर काढलं नाही. कागद मात्र खुर्चीवरून गेले होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही प्रीतिसंगमावर गेलो. गुरुजींनी डबा हातात घेतला, वजन केल्यासारखा हलवला आणि भुवया उंचावल्या.

"एवढ्याच? बाकीच्या अस्थी कुठं आहेत?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, भांडायच्या तयारीनंच. अप्पानं हात वर करून मला थांबवलं. तो गुडघाभर पाण्यात उभा होता, धोतर भिजलेलं, डोळे लाल.

"बाकीचा त्याच्या गावी आहे," अप्पा म्हणाला. "तुम्ही मंत्र म्हणा."